पहाटे पाचच्या आधी

२० ऑगस्ट २०२३, नांदेड

मुंबई मॅरेथॉनची नोंदणी झाली. पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर, २१ जानेवारी २०२४. सासूबाईंनी विचारलं, "बेचाळीस म्हंजे कुठवर गं?" म्हटलं, आपल्या सिडकोतून निघून लोह्याच्याही पुढं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं तर आम्ही पंढरीला जातानाबी एका दिसात चाललो नाही."

त्रेचाळिसाव्या वर्षी हे कशासाठी, असं विचारणारे पुष्कळ आहेत. रस्त्यावर रोज कुणी ना कुणी थांबवतं. "बाई, शुगर निघाली का?" आमच्याकडे बाई पळते ती दोनच कारणांनी, भरतीसाठी नाहीतर आजारासाठी. माझं कारण तिसरं आहे आणि साधं आहे. शाळा, वह्या, स्वयंपाक, पाहुणे यांत हे शरीर दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला असतं. पहाटेचा दीड तास ते माझ्या कामाला येतं. हाफ मॅरेथॉन झाली आहे, आता पूर्ण पळायची.

२७ ऑगस्ट

जुलैच्या शेवटी नांदेडात पाणीच पाणी झालं होतं. ऑगस्ट मात्र कोरडा चालला आहे. सोयाबीन फुलोऱ्यात आहे आणि आभाळ मोकळं.

रविवारचा लाँग रन. असर्जन नाक्यावरून विष्णुपुरी, तिथून विद्यापीठाच्या आवारात फेऱ्या. शंकरसागर जलाशयावरून वारा येतो तेवढाच गारवा. आवारातले चढ पायांना चांगले आहेत. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आहे आणि तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो, असं ज्यांनी पळून पाहिलं आहे ते सगळे सांगतात. त्याची तयारी इथेच करायची.

साडेचारला निघावं लागतं. सातनंतर ऊन पाय उचलू देत नाही आणि उन्हाळ्यात तर सहानंतरच. मुंबई-पुण्याचे धावणारे लिहितात त्या वेळापत्रकांत हे कुठे येत नाही. मराठवाड्यात पळण्याजोगी थंड वेळ आणि अंधाराची वेळ एकच आहे. कपाळावर दिवा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, आणि लातूरकडे जाणाऱ्या ट्रकच्या उलट दिशेने पळायचं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं.

१० सप्टेंबर

आज त्या मुलींशी बोलणं झालं. बरेच दिवस बघत होते. महामार्गाच्या कडेच्या छोट्या रस्त्यावर चौघी-पाचजणी, एक मोबाइलवर वेळ लावते, बाकीच्या सुटतात. लोहा, कंधार, मुखेड अशा तालुक्यांतल्या. सिडकोत खोली करून राहतात, दिवसा अकॅडमी, पहाटे मैदानी सराव. पोलीस भरतीत मैदानीचे ५० गुण. मुलींना ८०० मीटरचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. यांनी ८०० मीटर कसं मोजलं? कुणाच्या तरी भावाच्या मोटरसायकलच्या मीटरवर. या खांबापासून त्या खांबापर्यंत चारशे, जाऊन येऊन आठशे. मध्ये रस्त्याला खड्डा आहे, तो सगळींना पाठ झाला आहे.

"मैदानावर का नाही पळत?"

"मैदान सहाला उघडायलंय मॅडम. सहाला पोरं येत्यात, मग जागा राहत नाही. अन् शाळांच्या मैदानाला तर कुलूपच."

मग त्यातल्या सर्वांत धिटुकलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या भरतीची तयारी करायलाव?" मी म्हटलं, कोणत्याच नाही, नुसती पळते. तिने मैत्रिणींकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. ती म्हणाली, "मग आमच्यासोबत पळा की."

पळाले. त्यांच्या आठशे मीटरमध्ये माझा जीव नाकात आला. वेगाची ताकद वेगळी आणि अंतराची वेगळी.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला त्याला आज ७५ वर्षं झाली. शाळेत झेंडावंदन झालं. भाषणं आटोपल्यावर मुलांना फडेप्पा दरेप्पा चौगुले यांची गोष्ट सांगितली. बेळगावचा हा माणूस १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाला, २ तास ५० मिनिटांत, आणि एकोणिसावा आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं, तेव्हा हे घडलं. म्हणजे आपल्या देशाने ऑलिंपिकला पाठवलेल्या पहिल्यावहिल्या संघात मॅरेथॉन पळणारा होता आणि तो आपल्या शेजारच्या मुलखातला होता. आज मुंबईच्या शर्यतीवर टाटांचंच नाव आहे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. बघणाऱ्या एका माणसाची नजर कामाला आली की शंभर वर्षं पुरते.

एका मुलाने विचारलं, "ते बूट घालून पळाले का?" मुलांचे प्रश्न बरोबर जागी जातात.

२५ सप्टेंबर

काल बर्लिनमध्ये इथिओपियाच्या तिग्स्त असेफाने २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत मॅरेथॉन पळून बायकांचा जागतिक विक्रम केला. पहाटे मुलींना सांगितलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, "आपल्याकडं सगळ्यात फास्ट कोण?" भारतीय पुरुषांचा विक्रम शिवनाथ सिंगांचा आहे, जालंधरला १९७८ साली केलेला, २ तास १२ मिनिटं. २०२३ पर्यंत तरी मोडलेला नाही. म्हणजे काल एक बाई आपल्या पुरुषांच्या विक्रमाच्या पुढे गेली. मुली खूश झाल्या. मला त्या ४५ वर्षांचंच जास्त वाटलं. एवढ्या मोठ्या देशात दुसरा शिवनाथ सिंग निघाला नसेल असं मी मानत नाही. तो कुठल्यातरी महामार्गाच्या कडेला खांब मोजत पळाला असेल, भरती झाला असेल किंवा नसेल झाला, आणि त्याचं पळणं तिथेच थांबलं असेल.

मग त्यांना परभणीच्या ज्योती गवतेचं सांगितलं. २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली. परभणी म्हणजे आपल्या शेजारचं स्टेशन. "आपल्यासारखीच का?" असं विचारलं त्यांनी. हो, आपल्यासारखीच.

३० सप्टेंबर

माझं माहेर औसा तालुक्यातलं. किल्लारीचा भूकंप झाला त्याला आज तीस वर्षं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन माणसं उशिरा झोपली होती. आमच्या गावात भिंती तडकल्या, दोन घरं बसली, माणसं वाचली. किल्लारी-सास्तुर पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेरा वर्षांची होते. आईने मला दंडाला धरून अंगणात ओढलं ते मला अजून दंडावर आठवतं.

मी चारला उठते हे आईला आवडत नाही. फोनवर ती कधी सरळ सांगत नाही. "जरा उजाडू देत जा," एवढंच. आमच्या भागात तिच्या वयाच्या माणसांना चार वाजता आपोआप जाग येते, आणि उजाडेपर्यंत ती पडून राहतात. मी आज त्याच वेळी बूट बांधले. रस्ता भरून गार वारा होता. आईला सकाळी फोन करून सांगितलं, पळून आले, घरी आहे. ती म्हणाली, "बरं झालं."

९ ऑक्टोबर

काल शिकागोत केनियाच्या केल्विन किपटमने २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. आणि इकडे आज माझा रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन १०.८. बाईला १२ असावं लागतं. मैत्रिणी म्हणाल्या, पळणं सोड. डॉक्टरांनी सोडायला सांगितलं नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या आणि पुढे-मागे चहा घ्यायचा नाही म्हणाल्या, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. अंतर पंधरा दिवस वाढवायचं नाही.

मुलींनाही तपासून घ्यायला लावलं. चौघींपैकी एकीचंही १२ नाही. धाप लागते म्हणून त्या स्वतःला दमाने कमी समजत होत्या, आणि अकॅडमीत त्यांना आणखी फेऱ्या मारायला लावत होते. हे मला फार लागलं. पळायला लावण्याआधी रक्त तपासा, एवढी साधी गोष्ट आहे.

२४ ऑक्टोबर

दसरा. दुपारी सचखंड गुरुद्वाऱ्याचा हल्लाबोल. निशाणसाहेब, घोडे, आणि हातात तलवारी घेऊन जयघोषात धावणारी माणसं, म्हातारी आणि पोरसवदा एकाच ओळीत. लहानपणी लातूरहून मामाकडे यायचे तेव्हापासून बघते. नांदेडचा रस्ता धावणाऱ्यांसाठी मोकळा होतो तो असा.

३१ ऑक्टोबर

आरक्षणाच्या आंदोलनामुळे मराठवाड्यात ठिकठिकाणी एसटी बंद. लातूरला जायचं राहिलं. रस्ता सुनसान आहे आणि अशा वेळी एकटीने त्यावर जाऊ नये, म्हणून गच्चीवर दोरीच्या उड्या.

१६ नोव्हेंबर, माहेरी

काल भाऊबीज झाली. ओवाळणीत भावाला म्हटलं, पैसे नकोत, उद्या पहाटे माझ्यामागे मोटरसायकलवर चल. आला बिचारा. गावाकडून औसा, औशावरून लातूर. दोन्ही बाजूंना तूर फुललेली, हरभरा नुकता उगवलेला. तो पाण्याची बाटली घेऊन मागे, त्याच्या दिव्याचा उजेड माझ्या पुढे. इतकी वर्षं मी या रस्त्याने एसटीने गेले, पण भादा फाट्यानंतर चढ आहे हे पायांनाच कळलं.

गंजगोलाईत पोचलो तेव्हा दुकानं उघडायची होती. भावाने उरलेलं पाणी रस्त्याकडेच्या रोपाला घातलं. लातूरची माणसं पाणी फेकत नाहीत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने इथे पाणी आणलं होतं, जलदूत म्हणायचे त्या गाडीला. विहिरीपासून टाकीपर्यंत, टाकीपासून घागरीपर्यंत रांगा. भावाने तेव्हा रात्र-रात्र टँकरची वाट पाहिली आहे.

आईने विचारलं, "पाय दुखंना का?" आणि रात्री तिळाचं तेल कोमट करून आणलं. तिच्या हाताला पाय देताना मला संकोच वाटला. तिने दिला नाही वाटू.

२ डिसेंबर, नांदेड

संध्याकाळी सासूबाईंना आणि मुलींना घरी 'लता भगवान करे' हा चित्रपट दाखवला. बुलढाणा जिल्ह्यातून पोट भरायला बारामतीकडे आलेली बाई. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून ती साठी ओलांडल्यावर बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी पळाली आणि पहिली आली. चित्रपटात तिने स्वतःचंच काम केलं आहे, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. सासूबाई शेवटपर्यंत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

लोकांना ही गोष्ट आवडते कारण ती नवऱ्यासाठी पळाली. मला तिच्याबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच वाटतं की तिच्यासारखीला गरज नसतानाही पळता यायला हवं होतं, विसाव्या वर्षी, पायात बूट घालून. तिच्या पायांत ती ताकद चाळीस वर्षं होतीच.

१७ डिसेंबर

बत्तीस किलोमीटर. सगळ्यांत लांबचा सराव झाला, याहून लांब आता थेट मुंबईतच.

तिसाव्यानंतर काय होतं ते आज कळलं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण तिथवरच पुरते. मग शरीर चरबीवर जातं आणि ती सावकाश जळते. धावणारे त्याला वॉल म्हणतात. मला मात्र भिंत आडवी आली नाही. सगळं दूर गेलं, आवाज, रस्ता, स्वतःचे पाय. म्हणून पळताना आधीपासूनच थोडं थोडं खात राहायचं. विकतच्या जेलने माझं पोट बिघडतं. खजूर आणि गूळ-शेंगदाण्याचा लहानसा लाडू चालतो, सोबत मीठ-साखरेचं पाणी. नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही धोक्याचं.

लोह्याच्या मुलीने खोली सोडली. पहाटे अंधारात कुणीतरी दोन दिवस गाडी हळू करून मागे मागे आला. घरी कळलं, वडील येऊन घेऊन गेले. ती चौघींत सर्वांत वेगवान होती. मैदानावर एक दिवा आणि उघडं फाटक असतं तर ती आज पळाली असती. हे लिहिताना मला राग येतो आहे आणि तो मी आवरणार नाही.

११ जानेवारी २०२४, माहेरी

वेळा अमावस्या. लातूर, धाराशिवकडे सगळे हिला येळवस म्हणतात, आणि आज लातूर शहर ओस पडतं, सगळं माणूस रानात. जिल्ह्याला सुट्टी असते. ज्वारी पोटऱ्यात आली आहे, यंदा पावसाने हात दिला नाही म्हणून ताटं बुटकी. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा. बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जीत वाल, तूर, हरभरा, वाटाणा, गाजर, मेथी, कांद्याची पात, चुका, जे रानात असेल ते सगळं. दहा दिवसांनी मॅरेथॉन असलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं जेवण कुठल्या आहारतज्ज्ञाने सांगितलं असतं? पिष्ट, डाळी, लोह, आणि आंबिलीतून मीठ-ताक. तीन वाट्या आंबील प्यायले.

आता पळणं कमी करायचं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर उतरवतात, शरीराची झालेली झीज भरून निघावी म्हणून. संध्याकाळी पोरांनी पेंढी पेटवून शेताभोवती पळत फेरी मारली. मी त्यांच्यात गेले. भाऊ म्हणाला, "आक्का, पाय मुरगळंल, थांब." थांबले नाही.

१९ जानेवारी, मुंबई

काल रात्री राज्यराणी एक्सप्रेसने निघाले, मुक्काम कल्याणला नणंदेकडे. दुपारी वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन बिब घेतला. छातीवर लावायचा नंबर, त्याच्यावर नाव छापलेलं, मागे वेळ मोजणारी चिप. मुलींनी मला टी-शर्ट दिला आहे, पाठीवर त्यांनी हाताने रंगवून लिहिलं आहे : नांदेड. तिघींचा आहे. चौथीचं नाव त्यांनी आतल्या बाजूला लिहिलं आहे.

२१ जानेवारी, रात्री, कल्याण

पाय जिन्यावर उलटे उतरवावे लागत आहेत. तरी आजचं आजच लिहिते.

पहाटे तीनच्या सुमाराला मॅरेथॉनसाठी सोडलेली खास लोकल. डबा बायकांनी भरलेला. वीस वर्षांच्या, साठ वर्षांच्या, सगळ्यांच्या छातीवर नंबर. कुणी पायाला व्हॅसलीन लावतंय, कुणी केळं खातंय, कुणी जप करतंय. रात्री तीन वाजता इतक्या बायका निर्धास्त बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर दिवसासारखा उजेड. आम्हाला अंधारातच सोडलं, पण तो अंधार वेगळा होता. प्रत्येक कोपऱ्यावर दिवा, पोलीस, पाणी, टाळ्या.

नांदेडच्या कोरड्या थंडीनंतर मुंबईचा दमट वारा अंगाला चिकटला. पाचव्या किलोमीटरला कपडे ओले. मरीन ड्राइव्ह अंधारातच गेला, समुद्र दिसला नाही, ऐकू आला. पेडर रोड चढले, अजून पाय ताजे होते. हाजी अली, वरळी, आणि मग सी लिंक. एरवी त्या पुलावर पायी जाऊ देत नाहीत. साडेपाच किलोमीटरचा पूल, २००९ साली खुला झाला. मी त्यावर होते तेव्हा पूर्वेला उजाडत होतं. शेजारून एक गृहस्थ पळत होते, केस सगळे पांढरे, त्यांनी वर तारांकडे बघून हात जोडले. त्यानंतर आम्ही बराच वेळ एका चालीने पळालो, बोललो नाही.

माहीमला अर्धं अंतर झालं आणि खरी मॅरेथॉन सुरू झाली. आमच्यासारख्या हौशी धावणाऱ्याला जे पार नेतं ते रस्त्याच्या कडेला उभं असतं. गल्लीगल्लीतून माणसं बाहेर आली होती. संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ लावलेली काकडी. ढोल-ताशा. संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता, शिवाजी पार्कच्या बाजूला एका आजींनी डब्यातून तिळगूळ दिला आणि माझं नाव वाचून म्हणाल्या, "जा बाळ, जा." बाळ! त्रेचाळीस वर्षांच्या बाईला. पुढे गर्दीतून एक तरुण ओरडला, "ओ नांदेडच्या ताई! मी देगलूरचा!" मला वळून बघायचं होतं, पण मान वळवली तर पायाची लय तुटेल अशी अवस्था होती. हात वर केला.

एक गोष्ट मला सहन झाली नाही. पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी पुढे शंभर-दोनशे पावलांवर अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा सडा. एक घोट घेऊन धावणारेच फेकतात. मी लातूरची आहे. मी माझी बाटली संपेपर्यंत हातात धरली. आयोजकांनी किती सोय करावी याला मर्यादा आहे, पिणाऱ्याने विचार करायला पाहिजे.

तिसाव्यानंतर तेच, सगळं दूर. खजूर, मीठ-पाणी, खजूर. बत्तिसाव्याला उजवी मांडी आखडली. दहा पावलं चालले, पुन्हा पळाले. मागून आधी मोटारी, मग सायकली, आणि मग आमच्यानंतर सुटलेले आफ्रिकन धावक आले. ते गेले. पायांचा आवाजसुद्धा आला नाही. मी तेवढ्या यातनेतही आनंदले. याच रस्त्यावर, याच सकाळी, जगातले सर्वोत्तम आणि मी. दुसऱ्या कुठल्या खेळात हे होतं? पुढे कळलं, इथिओपियाचे हायले लेमी पहिले आले, सलग दुसऱ्या वर्षी. भारतीयांत श्रीनू बुगाथा आणि निरमाबेन ठाकोर.

पेडर रोडचा परतीचा चढ. अर्धी माणसं चालत होती. मीही चालणार होते. तिथे बंदोबस्ताला एक पोलीस शिपाई उभी होती, पंचविशीची असेल. पाठीवरचं नाव वाचून ती शेजारून चालू लागली. "मॅडम, नांदेडहून का? मी मुखेडची." मग म्हणाली, "थांबू नका. आठशे मीटर समजा. माझ्यासोबत आठशे मीटर." आणि ती बंदोबस्ताचे बूट घालून माझ्या कडेने पळाली. तिचा टप्पा संपला तिथे थांबली. मी पळत राहिले. चढ संपला होता.

शेवटचे सहा किलोमीटर ऊन, डांबर आणि माणसांचे आवाज. वेळ ४ तास ५१ मिनिटं. पदक गळ्यात घातलं तेव्हा रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

आईला फोन केला. "बसलीस का कुठं? बस आधी," म्हणाली.

२८ जानेवारी, नांदेड

पदक शाळेत नेलं होतं. सगळ्या मुलांच्या हातून फिरून आलं. त्या बुटांबद्दल विचारणाऱ्या मुलाने विचारलं, "बाई, मी किती वर्षांचा झालो की चालंल?" पूर्ण मॅरेथॉनला अठरा वर्षं लागतात. त्याच्या हाती आठ वर्षं आहेत.

मुख्याध्यापकांशी बोलले. शाळेच्या मैदानाचं फाटक उद्यापासून पहाटे पाच ते साडेसहा उघडं राहील. पहिला दीड महिना मी थांबणार, पुढे पालक संघातल्या दोघी आळीपाळीने. दोन दिवे लावायचे आहेत, एकाचे पैसे जमले. चुन्याने दोनशे मीटरची पट्टी मारली, टेपने मोजून. म्हणजे आठशेला चार फेऱ्या, मध्ये खड्डा नाही. लोह्याला जाऊन त्या मुलीच्या वडिलांना भेटले. ते अजून काही बोलले नाहीत. मैदान बघायला येतो म्हणाले आहेत.

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, कुठेही असा, तुमच्या गावच्या शाळेच्या मैदानाची किल्ली कुणाकडे तरी आहे. ती तुमच्याकडे असेल तर पहाटे पाचला फाटक उघडा, एक दिवा लावा आणि पिण्याच्या पाण्याचा माठ भरून ठेवा. तुमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला जाऊन सांगा. पळणाऱ्या मुली आधीपासूनच रस्त्यावर आहेत.